आत्याची घागर आणि बाबांचा पंखा

आमच्या गावाच्या फाट्यावर आता एक पाटी लागली आहे. 'ऐतिहासिक पवनचक्की', आणि खाली एक बाण. ही पवनचक्की गावात उभी राहिली तेव्हा मी सातवीत होते, दोन वेण्या घालत होते आणि गणितात नापास होत होते. म्हणजे या हिशोबाने मीही ऐतिहासिकच झाले. गाडी वळवताना हे मी नवऱ्याला म्हणाले, तर तो म्हणाला, "हो, पण चक्कीची दुरुस्ती झालीय." जन्माने आणि स्वभावाने पुण्याचा माणूस. बोलतो थोडं, पण बोलला की आठवडाभर पुरतं.

दुरुस्ती केली होती माझ्या बाबांनी. म्हणजे नटबोल्ट फिरवले मिस्त्रीचाचांनी, पण गेला अख्खा हिवाळा त्यांच्या शेजारी उभं राहून 'अखीन थोडं आवळा' म्हणण्याचं काम बाबांनी केलं. बाबा आता ऐंशीच्या घरात आहेत. पवनचक्की बसली तेव्हा ते गावाचे सरपंच होते. वडनेर भोलजीच्या अलीकडे, शेतांच्या मधोमध मारुतीचं देऊळ, देवळामागे गावाची विहीर आणि विहिरीवर हा लोखंडी मनोरा. वर पत्र्याच्या पात्यांचं मोठं चाक, मागे वाऱ्याची दिशा धरणारी पत्र्याची शेपटी. चाक फिरलं की एक दांडा खालीवर होतो आणि विहिरीतलं पाणी पाइपातून वर येऊन हौदात पडतं. वीज नको, डिझेल नको. हे 'वीज नको, डिझेल नको' बाबा तेव्हा इतक्यांदा म्हणायचे की आई स्वयंपाकघरात नुसते ओठ हलवून त्यांच्याबरोबर म्हणायची. गावाने मात्र तिला पवनचक्की असं कधीच म्हटलं नाही. गाव म्हणायचं, सरपंचाचा पंखा.

पंधरवड्यापूर्वी बाबांचा फोन आला. "शनिवारी ये. जवाईबापूले बी आण. मारुतीले रोडगे हायेत. पंखा सुरू करून राह्यलो." मग आवाज खाली आणून म्हणाले, "बाई येते म्हणली."

तेव्हा मला कळलं की हा फोन रोडग्यांचा नाही आणि पंख्याचाही नाही. बाई म्हणजे बाबांची थोरली बहीण, माझी आत्या. हा फोन घागरीचा होता.

पंख्याचं उद्घाटन त्या वेळी मोठ्या थाटात ठरलं होतं. तालुक्याहून साहेब येणार होते, मांडव होता, बँड होता. पहिल्या पाण्याची घागर भरायचा मान बाबांनी आपल्या बहिणीला दिला. आत्या गावातच दिलेली, पाराच्या पलीकडे तिचं सासर. नवं लुगडं नेसून, घासून लख्ख केलेली तांब्याची लहानशी घागर घेऊन ती सकाळीच पाइपाच्या तोंडाशी उभी राहिली. साहेब आले, नारळ फुटला, भाषणं झाली, बँड वाजला. वारा मात्र आला नाही. झाडाचं पान हलेना. साहेबांनी घड्याळ पाहिलं, चहा घेतला, पुन्हा घड्याळ पाहिलं आणि गेले. बँडवाल्यांना दुसरी सुपारी होती, तेही गेले. आत्या उन्हं उतरेपर्यंत उभी होती. मग तीच रिकामी घागर डोक्यावर घेऊन घरी निघाली. रस्ता पारावरूनच जाणारा. पारावर गावातले झाडून सगळे रिकामटेकडे बसलेले. त्यातला एक ओरडला, "काऊन बाई, वारा भरून नेऊन राह्यली का?"

सगळा पार हसला. मी तिचा पदर धरून चालत होते. तिने मान वळवली नाही, चाल बदलली नाही, फक्त घागरीवरच्या हाताच्या शिरा वर आल्या. एवढं मला लख्ख आठवतं.

दुसऱ्याच दिवशी वारा सुटला आणि पंखा असा फिरला की हौद ओसंडून वाहिला. पुढे काही वर्षं सगळ्या गावाने ते पाणी भरलं, गुरं प्याली, पोरांनी हौदात डुंबून मार खाल्ला. आत्या त्या विहिरीवर पुन्हा गेली नाही. ती गावाच्या दुसऱ्या टोकाच्या विहिरीवर जायची, दुप्पट लांब. नंतर पंख्याच्या आतलं दातेरी चाक तुटलं, घरोघरी नळ आले, मनोऱ्यावर वेल चढले, तरी नाही. बरं, बहीणभावांत भांडण म्हणावं तर तेही नाही. राखी, भाऊबीज, लग्नकार्यं, सगळं सुरळीत. फक्त दर भाऊबीजेला ओवाळून झालं की बाबा विचारत, "काय देऊ, बाई?" आणि आत्या दर वर्षी म्हणे, "घागर भरून दे." बाबा खाली पाहत आणि ताटात साडी ठेवत.

तेव्हा बाबांनी या वयात पंखा दुरुस्त करायला घेतला तो पर्यावरणासाठी नाही आणि इतिहासासाठी तर नाहीच नाही. ती पाटी गावातल्या पोरांनी हौसेने लावली. बाबांना फक्त एक घागर भरून हवी होती, आणि ती भरायला आत्या हयात असताना हवी होती.

शनिवारी आम्ही पोहोचलो तेव्हा पंखा दुरूनच दिसला. चाक पोपटी, शेपटी लाल. मिस्त्रीचाचांच्या वेल्डिंगच्या दुकानात तेवढेच दोन डबे शिल्लक होते. बाबा मनोऱ्याखाली उभे. कडक धोतर, पांढरी टोपी, हातात तेलाची कुपी. "कसा दिसते?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "छान." नवरा म्हणाला, "व्हायब्रंट." बाबांनी मान डोलावली.

देवळाच्या दुसऱ्या अंगाला आत्या होती. आत्या बाबांहून चार-पाच वर्षांनी मोठी. कंबरेत वाकली आहे, आवाजात नाही. तिच्यापुढे जगरा पेटलेला. जगरा म्हणजे गोवऱ्यांचा विस्तव. गव्हाच्या जाड्याभरड्या कणकेचे मुठीएवढे गोळे त्यात भाजायचे, वरून राखेने झाकायचे, म्हणजे रोडगे होतात. मग ते फोडून त्यावर तूप ओतायचं, सोबत तुरीचं वरण आणि वांग्याची भाजी. आमच्याकडे नवस फेडायचा तर रोडग्यांनी. बाबांनी मारुतीला कबूल केलं होतं की पंखा दुरुस्त झाला तर रोडगे करीन. मारुती वाऱ्याचा मुलगा, तेव्हा अर्ज योग्य खात्यात गेला होता.

"आत्या, कशी आहेस?" मी वाकून नमस्कार केला.

"मी मारुतीसाठी आली," ती म्हणाली. मी काहीच विचारलं नव्हतं. "पंख्याचं मले कोणी सांगू नका."

"नाही सांगत."

"जवाईबापू वाळले. तुमच्या पुण्यात खाले देत नाई का?"

आमच्याकडे जावयाने एकदा देवळाच्या आवारात पाय ठेवला की त्याचे हात काढून घेतात. नवऱ्याला लगेच लिंबाच्या सावलीत प्लास्टिकच्या खुर्चीवर बसवलं. तो उठला की तिघे जण विचारत, काय पाहिजे? एकदा तो नुसताच उठला, तर त्याला पाणी, चहा आणि संडासाची दिशा, तिन्ही एकदम मिळालं. मग तो बिचारा बसूनच राहिला आणि मोबाइलवर वाऱ्याचा अंदाज बघू लागला.

मी पीठ मळायला आत्याजवळ बसले. कणकेच्या पोत्यामागे काहीतरी चमकलं. वाकून पाहिलं तर तीच तांब्याची घागर. चिंच लावून घासलेली, आत तोंड दिसेल इतकी. सोबत नीट घडी घातलेली चुंबळ.

"हे काय गं?"

"कणीक भिजवाले पाणी नाई लागत का?"

कणीक भिजवायचं पाणी पिंपात होतं, पिंप माझ्या कोपराला लागत होतं, आणि घागर कोरडी ठणठणीत होती. मी कणकेत हात घातला. सगळे म्हणतात मी आत्यावर गेलेय. त्यामुळे ती कुठे डिवचल्यावर फुटेल हे मला नेमकं माहीत आहे.

सकाळचं ऊन वर आलं. मध्येच वाऱ्याची एखादी झुळूक यायची, पोपटी चाक करकरत दोन-चार फेरे घ्यायचं आणि थांबायचं. पाणी चढण्याइतका जोर त्यात नव्हता, पण प्रत्येक फेऱ्याला बाबा टाचा उंचावायचे. मनोऱ्याची सावली नेमकी जगऱ्यावर पडली होती. झुळूक आली की पात्यांच्या सावल्या आत्याच्या विस्तवावर नाचायच्या.

आत्याने दोन-तीनदा सहन केलं. मग चिमटा आपटला. "ओ मिस्त्री! थो तुमचा पंखा बंद करा. जगऱ्यापाशी मले काम करू देऊन नाई राह्यला."

सगळे हसले. पोरं तर लोळायचीच बाकी. त्यांना वाटलं, म्हातारीला वाटतंय की हा पंखा वारा घालतोय आणि तिचा विस्तव उडवतोय. एक जण म्हणाला, "आजी, थो घरातल्या पंख्यासारखा नाई, बटन नाई त्याले." बाबांनी कपाळाला हात लावला. नवऱ्याने खुर्चीवरून समजावून सांगितलं की इथे वाऱ्यामुळे पंखा फिरतो, पंख्यामुळे वारा येत नाही. आत्याने त्याच्याकडे एकदा नुसतं पाहिलं. जावई होता म्हणून वाचला.

मिस्त्रीचाचा मात्र हसले नाहीत. पांढरी दाढी, डोक्याला रुमाल. दुकानात गिऱ्हाईकाला तासभर ताटकळत ठेवतील, पण आत्याला आपा म्हणतात आणि तिच्यापुढे वाद घालत नाहीत. ते मनोऱ्याच्या मागच्या पायाकडे गेले, तिथे जरा वेळ खाटखूट केलं, हात पुसत परत आले आणि म्हणाले, "बंद केला, आपा. आता फिकर नका करू."

आणि कसं कोण जाणे, झुळूकही पडली. सगळं स्तब्ध. आत्या विजयाने म्हणाली, "पाहा." पुन्हा हशा. चाचांनी म्हातारीची समजूत काढली म्हणून सगळ्यांनी त्यांचं कौतुक केलं. नवरासुद्धा माझ्या कानात म्हणाला, "फार सुसंस्कृत माणूस आहे." थोड्या वेळाने चाचांना वडनेरहून निरोप आला की कुणाचं तरी थ्रेशर मोडलंय. रोडगे झाले की फोन करा, असं सांगून ते स्कूटरवर गेले.

दुपार झाली. मारुतीला पहिला रोडगा दाखवला. पंगत बसली. आत्याने वाढायला लावलं, आणि तूप असं सोडलं की नवरा दोन्ही हातांनी पत्रावळ झाकू लागला आणि तूप त्याच्या बोटांवरून ओघळलं. बाबा मात्र जेवायला बसेनात. मनोऱ्याखालच्या दगडावर बसून वर पाहत राहिले.

"जेव बे," आत्या म्हणाली.

"पाणी आल्यावर."

"थंडे रोडगे दगडासारखे होतात. आदीच चारच दात राह्यले तुले."

"पाणी आल्यावर म्हणलं ना, बाई."

मग आत्याही बसली नाही. तिचं कारण विचारलं तर म्हणाली की करणारीनं शेवटी जेवायचं असतं.

मला त्या वेळी बाबांची फार काळजी वाटली. वारा नाही आला तर हा माणूस पुन्हा तेच दृश्य पाहणार होता. तोच मनोरा, तीच बहीण, तीच घागर, आणि या खेपेला उद्या परवा म्हणायला दोघांकडे फारसे दिवस नव्हते. मी मनातल्या मनात मारुतीला म्हटलं, रोडगा खाल्लास ना, मग आता काहीतरी कर.

आणि वारा आला. दुसरी पंगत निम्मी झाली होती. आधी कपाशीच्या पऱ्हाट्यांच्या वावरातून धुळीची एक भिंत उठली, मग लिंब सळसळला, मग पत्रावळी उडाल्या. वरणाचे द्रोण लवंडले, कुणाची टोपी विहिरीत गेली, मांडवाच्या कनातीने नवऱ्याला खुर्चीसकट गुंडाळलं. "आला, आला!" पोरं ओरडली. सगळं गाव उष्ट्या हातांनी वर पाहायला लागलं.

पंखा ढिम्म. चाक वाऱ्याला कूस देऊन उभं, लाल शेपटी त्याला चिकटलेली. एक पातं हलत नव्हतं.

मग जो तो तज्ज्ञ झाला. एक म्हणाला, रंग ओला होता, शेपटी चिकटली. दुसरा म्हणाला, ग्रीस गोठलं. मार्चच्या उन्हात ग्रीस कसं गोठेल असं तिसऱ्याने विचारलं, तर पहिला म्हणाला, मग वितळलं असेल. एका बाईने नजर लागली म्हणून मीठमोहऱ्या ओवाळायला घेतल्या. मिस्त्रीचाचांना फोन लावला तर तिकडे ग्राइंडर चालू असणार, नुसती रिंग जात राहिली. कनातीतून बाहेर पडलेला नवरा म्हणाला की मोबाइलवर तर वाऱ्याचा वेग चांगला दाखवतोय.

आणि मला दिसलं की बाबा मनोऱ्यावर चढताहेत. धोतर खोचून, तेलाची कुपी दातांत धरून, ऐंशीच्या घरातला माणूस लोखंडी पायऱ्यांवर. वारा धोतराला लागलेला, टोपी केव्हाच उडालेली. मी किंचाळले, "बाबा!" पोरं धावली. बाबांनी वरून पायानेच त्यांना हटवलं. दातांत कुपी, त्यामुळे काय बोलले ते कळलं नाही, पण उतरणार नाही हे कळलं.

"उतर बे खाली!"

आत्या जगरा सोडून आली होती. हातात चिमटा, कपाळाला राख. "अय सरपंच! उतर म्हणते ना. बंद हाये थो."

बाबांनी कुपी हातात घेतली. "बंद नाई बाई, बिघडला थो."

"बिघडला नाई, बंद हाये. चाचानं सकाळी बंद केला. मीच कराले लावला. तुमच्यासमोर."

"बाई, थो तुही समजूत काढाले म्हणला होता."

"चाचा काऊन खोटं बोलन माह्याशी?" आत्या म्हणाली.

मी मनोऱ्याच्या मागच्या पायाकडे गेले. तिथे वरून आलेली साखळी ताणून खाली ओढलेली होती आणि आकड्यात पक्की अडकवलेली होती. साखळी ओढली की शेपटी दुमडते, चाक वाऱ्याला कूस देतं आणि पंखा थांबतो. वादळासाठी केलेली सोय. ती बाबांनीच हिवाळ्यात चाचांकडून पुन्हा बसवून घेतली होती. पण आपण सगळे इतके शहाणे की म्हातारीचं कुणी खरंच ऐकेल हे एकाच्याही डोक्यात आलं नाही.

"पण आत्या, पंख्याने वारा येत नाही ना," नवरा पुन्हा म्हणाला. हा माणूस शिकत नाही.

"थे मले कळते, जवाईबापू. मी काय येडी हावो? त्याची सावली जगऱ्यावर नाचून राह्यली होती. डोळे गरगरून राह्यले. रोडगा कच्चा का जळला काई दिसत नव्हतं." मग पोरांकडे वळून, "खिदळून राह्यले मोठे."

बाबा खाली उतरले. तसेच तरातरा आकड्यापाशी गेले. आकडा निघेना. साखळीला वाऱ्याचा ताण. आत्याने चिमट्याने दोन रट्टे दिले, बाबांनी जोर लावला, आत्याने बाबांच्या हातावर हात ठेवून जोर लावला, आणि आकडा सुटला. शेपटी खाडकन उघडली. चाक सावकाश वळलं, वाऱ्याच्या तोंडाला आलं, आणि फिरायला लागलं. आधी पाती वेगळी दिसत होती, मग नुसता पोपटी गोल.

दांडा खालीवर व्हायला लागला. पाइप खोकला. पाणी काही आलं नाही. आत्या कधी गेली आणि कधी आली कळलं नाही, पण ती पाइपाच्या तोंडाशी उभी होती आणि तिच्या पायाशी घागर होती.

पाटी लावणाऱ्या पोरांतला एक जण चांगल्या मनाने म्हणाला, "आजी, पहिलं पाणी सवाष्णीनं घ्यावं लागते. ताईले घेऊ द्या." ताई म्हणजे मी. आत्याचे यजमान जाऊन बरीच वर्षं झाली आहेत. आत्याने घागर उचलली आणि बाजूला होऊ लागली. मला इतका संताप आला की मी त्या पोराला काय बोलले असते देव जाणे. पण माझ्या आधी बाबा बोलले. आयुष्यात मी त्यांना आवाज चढवताना पाहिलं नव्हतं, सरपंच असतानाही नाही.

"मान बहिणीचा हाये," ते ओरडले. "बाई, तू हालू नको तिथून!"

आत्या हलली नाही. पाइप पुन्हा खोकला, आणि गंजाचं लालभडक पाणी आलं. आत्याने ते जाऊ दिलं. मग गढूळ आलं, तेही जाऊ दिलं. मग स्वच्छ पाणी आलं, दांड्याच्या प्रत्येक हेलकाव्याला एक उसळी. तिने ओंजळ धरली आणि एक घोट घेतला.

"खारंच हाये अजून," ती म्हणाली.

"मंग काय, वाऱ्यानं गोड होते का?" बाबा म्हणाले. आमच्या भागातल्या विहिरींचं पाणी खारंच. पण बाबांचा चेहरा असा होता की त्यांनी समुद्रसुद्धा गोड आहे म्हणून सांगितलं असतं.

घागर सावकाश भरत होती. तेवढ्यात मिस्त्रीचाचा स्कूटरवरून उतरले आणि त्यांच्यावर एकदम दहा जण तुटून पडले. चाचांना काही कळेना. "अरे, सगळ्यांसमोर सांगून गेलो मी, बंद केला म्हणून," ते म्हणाले. "आपाशी झूट बोलू का? माह्या वाट्याचे रोडगे ठेवले ना?"

"अर्धीच भर, बाई," बाबा म्हणाले. "जड होईन."

"अर्धीसाठी थांबली का मी इतकी वर्षं?"

काठोकाठ भरली. आत्याने चुंबळ डोक्यावर ठेवली, मी आणि बाबांनी घागर उचलून दिली, आणि ती चालायला लागली. वाकलेली आत्या त्या घागरीखाली सरळ झाली. तिच्या मागे बाबा, बाबांच्या मागे मी, हात पसरून, ती पडलीच तर झेलायला. नवरा व्हिडिओ काढायला पुढे धावला. "जवाईबापू, बाजूले व्हा," आत्या म्हणाली. जावयाला बाजूला व्हायला सांगितलेलं मी आमच्या गावात पहिल्यांदाच ऐकलं.

देवळापासून तिच्या घराला आता मागून सिमेंटचा रस्ता झालाय, जवळचा. ती त्या रस्त्याला वळली नाही. ती पाराकडे वळली.

पारावर तीन-चार पोरं बसली होती. प्रत्येकाची मान मोबाइलमध्ये. आत्या पारासमोर आली आणि थांबली. एका पोराने मान वर केली. "आजी, नळाले पाणी नाई का आज?" असं विचारलं आणि पुन्हा मान खाली घातली. बाकीच्यांनी तेवढंही केलं नाही. ज्याने वारा भरून नेतेस का म्हणून विचारलं होतं तो जाऊन किती वर्षं झाली. त्याच्या शेजारी बसून हसलेलेही गेले. तो सगळा पार उठून गेला होता, आणि आत्या भरली घागर घेऊन त्याच्यासमोर उभी होती. तिच्या कानामागून पाण्याचा एक ओघळ खाली येत होता. मला रडू आवरेना.

आत्या सावकाश मागे वळली, घागर न हिंदकळवता, आणि बाबांकडे पाहिलं.

"तू पाह्यली का?"

"पाह्यली, बाई."

"भरली हाये."

"हाव. भरली हाये."

"मंग उतरव आता," ती म्हणाली. "मान मोडून राह्यली माही. आन् जेव चाल, काईच खाल्लं नाई तू सकाळपासून."